हदस्सा : एका दुर्मिळ नावाचा अर्थ व उगम

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील ख्रिस्ती कुटुंबांना ‘एस्तेर’ हे नाव परिचयाचे आहे. परंतु त्याच राणीचे मूळ नाव ‘हदस्सा’ क्वचितच कानी पडते. मुलीसाठी हे नाव सुचले, तर ‘हे ख्रिस्ती नाव आहे काय?’ असा प्रश्न घरातील वडीलधाऱ्यांना पडणे स्वाभाविक आहे. म्हणून त्याचा उगम जाणून घेऊ या.

जुन्या करारातील एस्तेरच्या ग्रंथात (२:७) हे नाव एकदाच येते. आईवडिलांविना पोरक्या झालेल्या हदस्साचा सांभाळ तिचा चुलतभाऊ मर्दखय याने केला. पुढे पारसाच्या राजवाड्यात ती एस्तेर म्हणून ओळखली गेली. ‘एस्तेर’ हा शब्द तारा या अर्थाच्या पारसी शब्दावरून आला, असे काही अभ्यासक मानतात. तर काही जण त्याचा संबंध इश्तार या बाबेली देवतेशी जोडतात. ‘हदस्सा’ मात्र शुद्ध इब्री आहे. ‘हदस’ हे एका सुगंधी, सदाहरित झुडपाचे नाव होय.

मराठी पवित्र शास्त्रात या झाडासाठी ‘मेंदी’ हा शब्द योजला जातो. तथापि हातावर रंगणारी मेंदी ती ही नव्हे. हदसाला पाच पाकळ्यांची पांढरी फुले व निळसर काळी फळे येतात, आणि पान चुरगळले की सुगंध दरवळतो. वनस्पतिशास्त्रानुसार ते जांभूळ, लवंग आणि पेरू यांच्या कुळातील आहे. राहात्याच्या पेरूबागा पाहणाऱ्यांना हे नाते निश्चितच आवडेल.

यशया संदेष्ट्याने (५५:१३) काटेरी झुडपांच्या जागी हे झाड उगवेल, असे म्हटले आहे. बंदिवासातून परतणाऱ्या प्रजेसाठी ती नवजीवनाची खूण होती. मांडवांच्या सणासाठी याच्या फांद्या आणल्याचा उल्लेख नहेम्याच्या ग्रंथात (८:१५) आहे.

१९८३ च्या धर्मसंहितेतील ८५५ वा नियम सांगतो की, ख्रिस्ती भावनेशी विसंगत असे नाव दिले जाऊ नये, याची काळजी आईवडील, धर्ममातापिता व धर्मगुरू यांनी घ्यावी. नाव संताचेच असावे, अशी अट त्यात नाही. हदस्सा तर पवित्र शास्त्रातीलच नाव आहे.

आपल्याकडेही घरी एक आणि चर्चच्या नोंदवहीत दुसरे, अशी दोन नावे असतात. हदस्साने राजवाड्यात आपले कुळ गुप्त ठेवले. परंतु प्रजेवर संकट येताच जीव धोक्यात घालून तिने राजाकडे रदबदली केली. म्हणूनच ख्रिस्तसभेच्या परंपरेत ती पवित्र मरियेचे पूर्वचिन्ह मानली गेली. दर सप्टेंबरात हरेगावी मतमाउलीकडे मध्यस्थीची विनवणी करणाऱ्या भाविकांना या नावाचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.