उच्चदाब वीजवाहिन्यांचे चुंबकीय क्षेत्र व सार्वजनिक आरोग्य

वीजवाहिन्यांच्या तारांभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे जवळपास राहणाऱ्यांना, विशेषतः लहान मुलांना, रक्ताचा कर्करोग (ल्युकेमिया) होतो का, हा 1979 पासून चालत आलेला वाद. त्यात दाब आणि प्रवाह यांची नेहमी गल्लत होते. दाबामुळे निर्माण होते ते विद्युत क्षेत्र; घराच्या भिंती, छप्पर आणि झाडे त्याला बरेचसे अडवतात. चुंबकीय क्षेत्र मात्र तारांतून किती प्रवाह वाहतो यावर ठरते. त्याला भिंत अडवत नाही, अंतर कमी करते. तीन फेजच्या तारांची क्षेत्रे एकमेकांना अंशतः रद्द करत असल्याने वाहिनीपासून दूर जाताना ते झपाट्याने घटते आणि काहीशे मीटरांवर घरातल्या नेहमीच्या पातळीत मिसळून जाते.

अमेरिकेतील डेन्व्हर शहरात नॅन्सी वर्थायमर आणि एड लीपर यांनी 1979 साली कर्करोगग्रस्त मुलांच्या घरांची पाहणी प्रसिद्ध केली. तारांची जाडी आणि घरापासूनचे अंतर पाहून त्यांनी प्रवाहाचा अंदाज बांधला. कर्करोगाचा क्षेत्राशी संबंध त्या अंदाजावरून जोडला. यातल्या बहुतेक तारा गल्लीतल्या वितरणाच्या होत्या, उंच मनोऱ्यांवरच्या नव्हत्या, हे पुढच्या चर्चेत जवळजवळ विसरले गेले. 1989 मध्ये पॉल ब्रोडर यांच्या 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकातील लेखमालेने हा प्रश्न घरोघरी पोचवला. स्वीडनमध्ये मारिया फायख्टिंग आणि अँडर्स आल्बोम यांनी 220 आणि 400 किलोव्होल्ट वाहिन्यांच्या 300 मीटरच्या आत राहणाऱ्यांचा अभ्यास 1993 मध्ये मांडला. मुलांमधील ल्युकेमियाशी दुवा त्यातही दिसला. 1997 चा मोठा अमेरिकी अभ्यास मात्र तसा ठोस दुवा दाखवू शकला नाही.

अनेक देशांतील आकडे 2000 साली एकत्र केल्यावर चित्र काहीसे स्पष्ट झाले. घरातील सरासरी क्षेत्र 0.4 मायक्रोटेस्ला किंवा त्याहून अधिक असलेल्या मुलांमध्ये ल्युकेमियाचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. पण अशी मुले एक टक्क्याहूनही कमी होती. मुळात दुर्मीळ असलेल्या आजारात इतक्या थोड्या मुलांवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. प्राण्यांवरील प्रयोगांनी आधार दिला नाही, आणि इतके क्षीण क्षेत्र पेशीत बिघाड कसा घडवील याची सर्वमान्य उपपत्तीही मिळालेली नाही.

सर्वांत बोलका पुरावा ब्रिटनमधला आहे. जेराल्ड ड्रेपर यांच्या 2005 च्या अभ्यासात वाढीव धोका 600 मीटरपर्यंत दिसला. तिथे वाहिनीचे क्षेत्र नगण्य असते. 2014 मध्ये त्याच माहितीचा विस्तार केला, तेव्हा हा धोका 1960-70 च्या दशकांत दिसून पुढे ओसरल्याचे आढळले. क्षेत्र हेच कारण असते तर दुवा असा दशकागणिक विरला नसता. वाहिन्यांलगतच्या वस्तीत कोण राहते, हे बदलत गेले असावे, असे एक स्पष्टीकरण दिले जाते.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2002 मध्ये अशा क्षेत्रांना '2 ब' गटात टाकले. 'कर्करोगकारक असणे शक्य' एवढाच त्याचा अर्थ. लोक तो 'कर्करोग होतो' असा वाचतात. उलट बाजूची चूकही तितकीच गंभीर आहे. 50 हर्ट्झसाठी सामान्य जनतेकरिता 2010 च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत दिलेली 200 मायक्रोटेस्लाची मर्यादा दाखवून अधिकारी प्रश्न मिटल्याचे सांगतात. ती मर्यादा मज्जातंतूंवरील तात्काळ परिणामांसाठी ठरवलेली आहे. दीर्घकालीन शंकेचे उत्तर तिच्यात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये अल्प खर्चाची खबरदारी योग्य मानली, मनमानी कडक मर्यादा मात्र नाकारल्या. नेदरलँड्समध्ये 2005 पासून नवी घरे आणि शाळा शक्यतो 0.4 मायक्रोटेस्लाच्या पट्ट्याबाहेर ठेवण्याचा सल्ला दिला जाऊ लागला.

महाराष्ट्रातील चंद्रपूर–पडघे ही 500 किलोव्होल्टची, 752 किलोमीटर लांबीची वाहिनी एकदिश प्रवाहाची आहे. तिचे क्षेत्र स्थिर असल्याने दिशा बदलत्या प्रवाहाच्या क्षेत्रांवरचे वरील अभ्यास तिला लागू होत नाहीत.

वाहिनीखालचा सिद्ध धोका वेगळाच आहे: विजेचा धक्का. मनोऱ्यांच्या पट्ट्याची रुंदी मुख्यतः त्यासाठीच राखतात. पट्ट्यात घर चढवले, गच्चीवरून सळई उभी नेली, तर तारेला स्पर्शही व्हावा लागत नाही. अंतर अपुरे पडताच वीज हवेतून झेपावते. कर्करोगाच्या भीतीने अस्वस्थ झालेल्या वस्तीला हे आधी सांगितले पाहिजे.