वॉर्म की कूल?

आजवर आम्ही काय दिवे लावले हे सौभाग्यवतींना पुरतं ठाऊक. त्यामुळं गडहिंग्लजच्या नव्या घरातले दिवे निवडायला त्या जातीनं माझ्यासोबत आल्या. दुकानदारानं विचारलं, "साहेब, वॉर्म की कूल?"

वॉर्म म्हणजे पिवळसर, २७०० ते ३००० केल्विन. कूल म्हणजे पांढराफेक, ६५००. तापमान कमी तो गरम आणि जास्त तो थंड! बँकेचे नियमसुद्धा इतके उफराटे नसतात.

"वॉर्मच द्या," सौ. म्हणाल्या. "रिच दिसतं."

इथं माझ्यातला इतिहासकार जागा झाला. कारण पिवळा उजेड हे गरिबीचं लक्षण, असं ऐकतच आम्ही वाढलो. आईच्या माहेरी प्रभाकर कंदील होता. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जागा दिली आणि १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा काचकारखाना उभा राहिला. त्या ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलानं महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्यांना परीक्षेला बसवलं. (पास करणं कंदिलाच्या हाती नव्हतं.) संध्याकाळी राखेनं काच पुसायची, वात कातरायची, रॉकेल भरायचं. काच तडकली की घरातल्या धाकट्याच्या पाठीवर धपाटा. आई धाकटी होती.

पुढं १९६२ साली कोयनेची वीज सुरू झाली. पण कोयनेहून तारा आईच्या गावात यायला जो वेळ लागला, तेवढ्यात तिचं लग्नही होऊन गेलं. सासरी साठाचा बल्ब होता, तोही पिवळाच. शिवाय मोरीत झिरोचा. झिरो म्हणजे फुकट अशी सर्वांची समजूत. वास्तविक तो साधारण पंधरा वॅट खातो. शून्य शिलकीच्या खात्यालाही खर्च असतो, हे मी काउंटरवर रोज सांगतो. कुणाला पटत नाही. मग आली ट्यूब. चोक गुणगुणायचा, स्टार्टर फिरवावा लागायचा. पण पांढरा उजेड! आईनं त्या रात्री शेजारणींना बोलावून तांदूळ निवडले होते.

आता नऊ वॅटचा एलईडी साठाच्या बल्बाएवढा उजेड देतो. ज्या निळ्या एलईडीमुळं पांढरा उजेड शक्य झाला, त्याला २०१४ साली नोबेल मिळालं. आणि आम्ही जादा पैसे मोजून तो पुन्हा पिवळा करून घेतो, वर पीओपीत लपवतो!

हॉलमध्ये अठरा दिवे लागले. वास्तुशांत छान झाली. चार दिवसांनी बँकेतून आलो, तर आई अंधारात बसलेली. मांडीवर पोथी, मिटलेली.

"दिवा का लावला नाहीस?"

"कुठलं बटण ते कळंना रे. एक दाबलं तर फॅन लागला. आणि ह्या उजेडात अक्षर दिसत न्हाई बघ, कंदिलासारखं वाटतंय."

दोन वर्षांमागं तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. दुसरा राहिलाय. केल्विनच्या हिशेबात तो धरायचा राहूनच गेला होता.

दुसऱ्या दिवशी तिच्या खुर्चीवरच्या भिंतीला सरळसोट पांढरी पट्टी बसवली. वीस वॅट, न लपवलेली. "सगळा शो गेला," असं सौ. म्हणाल्या खऱ्या, पण संध्याकाळी बघतो, तर बारा बटणांच्या त्या गुळगुळीत बोर्डावर आईच्या बटणाला त्यांनी स्वतःच्या कपाळाची लाल टिकली चिकटवली होती.