ध्वनिमुद्रण : लोकसंगीताच्या इतिहासाचे साधन
(दशावतार, डबलबारी व घुमट यांच्या संदर्भात)

त्रिपुरी पौर्णिमेनंतर सिंधुदुर्ग जिल्ह्यात ग्रामदेवतांच्या जत्रांना प्रारंभ होतो आणि देवळांच्या प्रांगणात रात्रभर दशावतारी नाटके रंगतात. या नाटकाला परंपरेने लिखित संहिता नसते. कथानक ठरते, संवाद पात्रे उभ्याउभ्या रचतात आणि हार्मोनियमवर बसलेला नाईक प्रसंग पाहून पद उचलतो. मृदंग व झांज ही त्याची साथ. समर्थ रामदासांच्या दासबोधात दशावतारी खेळाचा आणि त्यातील स्त्रीवेषधारी पुरुषांचा उल्लेख येतो. तो खेळाच्या प्राचीनत्वाची साक्ष देतो, त्यातील गायनाची देत नाही. लिखित साधनांची ही मर्यादा लक्षात घेता ध्वनिमुद्रणाकडे ऐतिहासिक साधन म्हणून पाहणे क्रमप्राप्त ठरते. मात्र कागदपत्राला जे प्रश्न आपण विचारतो, तेच ध्वनिमुद्रणालाही विचारले पाहिजेत. ते कोणी केले, कशासाठी केले आणि त्यात काय गाळले गेले?

या प्रश्नांची एक गंभीर चर्चा विसाव्या शतकाच्या प्रारंभी इंग्लंडमध्ये झाली. सेसिल शार्प यांनी १९०३ साली सॉमरसेट परगण्यात लोकगीते टिपण्यास आरंभ केला. त्यांचे साधन कागद, लेखणी आणि तयार कान. १९०६ मध्ये पर्सी ग्रेंजर यांनी लिंकनशायरमध्ये फोनोग्राफच्या मेणाच्या नळ्यांवर गायकांचे आवाज घेतले. यंत्रासमोर खेडूत गायक बुजतो आणि गाण्याचे मर्म जाणकार श्रोताच टिपू शकतो, असा शार्प यांचा आक्षेप होता. उलट एकच गायक प्रत्येक कडवे वेगळे गातो, ही वेगळीक म्हणजेच त्याची कला, आणि ती स्वरलिपीतून सहज निसटते, असे ग्रेंजर यांनी १९०८ च्या आपल्या लेखात दाखविले. त्याच वर्षी जोसेफ टेलर या लिंकनशायरच्या वृद्ध गायकाच्या तबकड्या ग्रामोफोन कंपनीने प्रसिद्ध केल्या.

हा वाद भारतापासून दूरचा नव्हता. ए. एच. फॉक्स स्ट्रँगवेज यांनी १९१०-११ च्या भारतप्रवासात फोनोग्राफ वापरला, १९१४ मध्ये हिंदुस्थानी संगीतावरील ग्रंथ प्रसिद्ध केला आणि पुढे १९३३ मध्ये शार्प यांचेच चरित्र लिहिले. महाराष्ट्रात मात्र लोकसाहित्याचे संकलन बव्हंशी शार्प यांच्या अर्ध्याच वाटेने गेले, असे म्हणावे लागते. साने गुरुजींचे 'स्त्रीजीवन' आणि सरोजिनी बाबर यांच्या नेतृत्वाखाली लोकसाहित्य समितीने केलेले कार्य यांचे ऋण मोठे आहे. पण त्यातून प्रामुख्याने शब्द जतन झाले. शार्प यांनी निदान सूर तरी लिहून घेतले होते. गी पॉइटविन व हेमा राईरकर यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या संकलित झाल्या आणि नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतील काहींचे ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा ही उणीव काही अंशी भरून निघाली.

व्यावसायिक ध्वनिमुद्रणाचा इतिहास निराळा. फ्रेड गायसबर्ग यांनी १९०२ मध्ये कलकत्त्यास ग्रामोफोन कंपनीसाठी ध्वनिमुद्रण केले. संगीत रंगभूमीचे भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्येच निवर्तले होते. अवघ्या वर्षाच्या अंतराने एक आवाज इतिहासाच्या पलीकडे राहिला. पुढे नाट्यपदे तबकड्यांवरून घरोघरी पोहोचली. दशावतारातील नाईकांच्या गायनावर आज नाट्यसंगीताची जी स्पष्ट छाया दिसते, तिचा एक मार्ग ही तबकडी असावी, असे मानण्यास जागा आहे. हे अनुमान ग्राह्य धरल्यास ध्वनिमुद्रण हे परंपरेचे केवळ साक्षीदार राहत नाही. ते तिच्या घडणीत सहभागी होते. मग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील कोणतेही मुद्रण 'मूळ' दशावताराचा पुरावा म्हणून पुढे करणे धोक्याचे ठरते.

माध्यमाची लांबी हा दुसरा मुद्दा. दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची, साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासाची, आणि दशावतार तर पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत चालणारा. डबलबारी भजनाच्या कॅसेटी ऐंशी-नव्वदच्या दशकांत मुंबईच्या चाकरमान्यांपर्यंत पोहोचल्या, हे त्या माध्यमाचे श्रेय. पण डबलबारीचा प्राण दोन बुवांच्या सवाल-जबाबात व श्रोत्यांच्या प्रतिसादात असतो. कॅसेटमध्ये गौळण आणि गजर नीट बसतात, समोरच्या बुवाला काढलेला चिमटा मात्र कापला जाण्याचीच शक्यता अधिक.

यंत्राविना कळूच शकणार नाही अशा बदलाचे उत्तम उदाहरण घुमटाचे आहे. गोव्यात आणि लगतच्या दक्षिण सिंधुदुर्गात वाजणारे हे मातीचे वाद्य पूर्वी घोरपडीच्या कातड्याने मढवीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाले आणि कालांतराने बकऱ्याचे कातडे रूढ झाले. गोवा शासनाने २०१९ मध्ये घुमटाला राज्याच्या वारसा वाद्याचा दर्जा दिला तो या बदलानंतर. कायदा आवश्यकच होता, याबद्दल दुमत नाही. परंतु वाद्याचे नाव, आकार आणि बोल तेच राहून नाद बदलला, ही घटना कोणत्याही गॅझेटियरमध्ये सापडणार नाही. जुने घुमटवादन एखाद्या फितीत शिल्लक असेल, तर तिचे मूल्य संगीतापुरते नाही. भौतिक संस्कृतीच्या अभ्यासकालाही तीच एकमेव साक्ष.

अशा फिती आज घराघरांतील ट्रंकांत आहेत. तळकोकणातील दमट हवेत त्यांना बुरशी धरते, आणि त्या वाजविणारी यंत्रेही दुर्मीळ झाली आहेत. नवी मुद्रणे भ्रमणध्वनीवर विपुल होतात. तथापि गावाचे नाव, जत्रेची तिथी, आख्यान आणि वादकांची नावे यांची नोंद नसेल, तर विपुलता अभ्यासकाच्या उपयोगी पडत नाही. जुन्या कॅसेटींच्या वेष्टनावर बहुधा बुवांचे नाव ठळक असते. पखवाज कोणी वाजविला, हे अनेकदा त्या गावातील वृद्धांनाच विचारावे लागते. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या मराठी व इतिहास विभागांना हे काम विद्यार्थ्यांकरवी करता येईल. प्रकल्पासाठी गावी जाणाऱ्या विद्यार्थ्याने फीत आणण्यापूर्वी आजोबांसमवेत ती एकदा ऐकावी आणि ते ज्यांची नावे घेतील, ती तारखेसह लिहून घ्यावीत.