ला क्लासे माजिका

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सोलाना बीच या गावी १९८९ मध्ये सुरू झालेला, शाळा सुटल्यानंतर चालणारा द्वैभाषिक शिक्षण-उपक्रम. अशा उपक्रमांतील विषमता कृतिसंशोधनाने कशी हाताळता येते, याचे हे बोलके उदाहरण आहे. योजना, कृती, पडताळणी आणि पुन्हा योजना ही कृतिसंशोधनाची साखळी मानसशास्त्रज्ञ कुर्त लेविन यांनी १९४६ मध्ये मांडली, तीही अल्पसंख्याकांच्या प्रश्नांसंदर्भातच.

उपक्रमाचे मूळ मानसशास्त्रज्ञ मायकेल कोल आणि सहकाऱ्यांच्या ‘फिफ्थ डायमेन्शन’मध्ये आहे. त्यात मुले संगणकावरील व इतर खेळ खेळत चक्रव्यूहाच्या दालनांतून पुढे सरकतात आणि विद्यापीठातील विद्यार्थी त्यांचे सवंगडी होतात. नियम एका अदृश्य जादूगाराचे. काही बिनसले की मुले त्यालाच लिहितात. मोठ्यांनाही त्याचेच ऐकावे लागत असल्याने हुकूम सोडायला कोणी उरत नाही. युक्ती दिसते तेवढी पोरकट नाही.

सोलाना बीचमधील मुलांच्या एका क्लबात ‘फिफ्थ डायमेन्शन’ चालू होते. पण जवळच राहणाऱ्या मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांतील मुले तिकडे फारशी फिरकत नव्हती. दार सर्वांना उघडे असूनही असे का, हा प्रश्न संशोधक ओल्गा व्हास्केस यांनी मुलांना नव्हे, उपक्रमाला विचारला. त्यांनी या कुटुंबांच्या वस्तीतल्याच कॅथलिक चर्चच्या जागेत नवा वर्ग थाटला, तोच ‘ला क्लासे माजिका’. इंग्रजी साहित्याचे नुसते भाषांतर पुरेसे नव्हते. खेळ, सूचना आणि गोष्टी वस्तीच्या जगण्यातून नव्याने घडवाव्या लागल्या. जादूगाराच्या जागी ‘एल मागा’ आली. ती स्त्री की पुरुष हे मुद्दाम संदिग्ध ठेवलेले. तिच्याशी स्पॅनिशमध्ये बोला, इंग्रजीत बोला किंवा दोन्हींची सरमिसळ करा.

संशोधनाची मुख्य सामग्री म्हणजे विद्यापीठातील विद्यार्थ्यांची क्षेत्रटिपणे: मूल कुठे अडले, कोणाकडे वळले, कोणत्या भाषेत. त्यांवरून पुढची आखणी बदलत असे. पालकही पुढे कामात सामील झाले. तरी टिपणे लिहिणारा हात बहुधा विद्यापीठाचाच राहिला, ही या पद्धतीची उणीव मानावी लागेल. शिवाय सत्र संपले की विद्यार्थी बदलत आणि मुलांना सवंगडी नव्याने जोडावे लागत.

प्रवेशात वंश विचारात घेण्याची पद्धत बंद करण्याचा ठराव कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियामक मंडळाने १९९५ मध्ये केला. त्याला उत्तर म्हणून १९९६ मध्ये उभ्या राहिलेल्या ‘यूसी लिंक्स’ या जाळ्यातून असे वर्ग राज्यात इतरत्रही पोहोचले.