जावाच्या कुंपणाची कुळकथा

एकाच टॉमकॅट सर्व्हरवर तीन ग्राहकांची तीन जावा ॲप चालू आहेत. त्यांतल्या एकाच्या कोडमध्ये ‘सिस्टिम.एक्झिट(०)’ एवढी एक ओळ आहे. ती चालली, की तिन्ही वेबसाइट बंद! कारण तिन्ही ॲप एकाच जेव्हीएममध्ये (जावाच्या आभासी यंत्रात), म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या लेखी एकाच प्रोसेसमध्ये राहतात.

यावरचा उतारा जावाजवळ जन्मापासून होता, पण वेगळ्याच कामासाठी. १९९६च्या जावा १.०मधला सिक्युरिटी मॅनेजर ब्राउझरमधल्या ॲपलेटना वेसण घालायचा. परक्या सर्व्हरवरून आलेल्या कोडने आपल्या फाइलींना हात लावू नये, एवढाच हेतू. १९९८च्या अखेरीस जेडीके १.२ने त्याला पॉलिसी फाइलची जोड दिली: कुठल्या फोल्डरमधल्या कोडला कशाची परवानगी, ते ओळीओळीने लिहायचं. टॉमकॅटने हेच हत्यार सर्व्हरवर आणलं. ‘सिक्युरिटी’ हा पर्याय देऊन तो सुरू केला, की ‘कॅटालिना.पॉलिसी’ लागू व्हायची. मग कुणी एक्झिट मागितला, तर जेव्हीएम चालूच राहायचं आणि मागणाऱ्याच्या पदरात सिक्युरिटी एक्सेप्शन पडायचं.

कल्पना देखणी, पण राबवणं जिकिरीचं. रिफ्लेक्शन वापरणारी लायब्ररी, सिस्टिम प्रॉपर्टी वाचणारा डेटाबेस ड्रायव्हर, प्रत्येकासाठी नवी ओळ. काम अडलं, की ‘ऑलपर्मिशन’ देऊन मोकळं होण्याचा मोह मोठा, आणि तो दिला की कुंपण कागदावरच उरतं. शिवाय मेमरीची वाटणी पॉलिसीच्या हातात नव्हतीच. एका ॲपने हीप, म्हणजे जेव्हीएमची सामायिक मेमरी, फस्त केला, की शेजारीही उपाशी.

खरी भिंत बाहेरून आली, युनिक्सच्या घराण्यातून. १९७९च्या युनिक्स व्हर्जन ७मध्ये प्रोसेसला एका फोल्डरपुरतं बांधणारं ‘चेंज रूट’ होतं. २०००मध्ये फ्रीबीएसडी ४.०ने पॉल-हेनिंग कॅम्प यांचं ‘जेल’ आणलं, आणि त्यामागे एका होस्टिंग कंपनीचीच गरज होती. लिनक्समध्ये २००८ साली प्रोसेसच्या मेमरीला मर्यादा घालणारे सीग्रुप्स आले, २०१३ साली कंटेनर चालवणारं डॉकर. कंटेनरला दिलेली मेमरी आपोआप ओळखून हीप ठरवायला मात्र जावा १० उजाडावं लागलं. त्याआधी जेव्हीएम अख्ख्या मशीनची रॅम आपलीच समजायचं.

जावा १७ने २०२१मध्ये सिक्युरिटी मॅनेजरला निरोपाची नोटीस दिली, टॉमकॅट ११ने त्याचा आधार काढून टाकला आणि मार्च २०२५मधल्या जावा २४ने तो कायमचा बंद केला. जुन्या पॉलिसी फाइलींवर ज्यांचे सर्व्हर अजून विसंबून आहेत, त्यांनी अपग्रेडच्या आधीच प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र युजर, स्वतंत्र जेव्हीएम आणि मेमरीची ठरलेली मर्यादा द्यावी.