जॉइंट डिस्ट्रिब्यूशन कमिटी

अमेरिकन ज्यूइश जॉइंट डिस्ट्रिब्यूशन कमिटी : संकटात सापडलेल्या ज्यूंना मदत पोहोचवण्यासाठी २७ नोव्हेंबर १९१४ रोजी न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेली समाजसेवी संस्था. ज्यूंच्या तोंडी तिचे नाव नुसते ‘जॉइंट’. पहिल्या महायुद्धापुरती म्हणून निघालेली ही संस्था आज सुमारे ७० देशांत काम करते.

सुरुवात एका तारेने झाली. ३१ ऑगस्ट १९१४ रोजी ऑटोमन साम्राज्यातील अमेरिकेचे राजदूत हेन्री मॉर्गेन्थाऊ यांनी बँकर जेकब शिफ यांना कळवले की पॅलेस्टाइनमधील ज्यूंवर उपासमारीची पाळी आली आहे, ५० हजार डॉलर हवेत. युरोपातून येणाऱ्या देणग्यांवर त्यांतील अनेकांची चूल पेटे आणि युद्धाने ती वाटच बंद केली होती. निम्मी रक्कम अमेरिकन ज्यूइश कमिटीने दिली, उरलेली शिफ आणि नेथन स्ट्रॉस यांनी. लवकरच पूर्व युरोपातूनही मदतीच्या हाका येऊ लागल्या.

अमेरिकेतील ज्यूंचे आपसात पटत नसे. सनातनी मंडळींचा निधी वेगळा, स्थिरावलेल्या धनिकांचा वेगळा. १९१५ मध्ये समाजवादी कामगारांचा तिसरा आला. वर्गणी ज्याने त्याने आपल्या दारी गोळा करायची आणि वाटप मात्र एका हाताने करायचे, असा तोडगा निघाला. संस्थेचे नाव त्यावरूनच पडले. फेलिक्स वॉरबर्ग पहिले अध्यक्ष झाले. पुढची सगळी वाढ या साध्या समझोत्यावर उभी आहे.

१९२० मध्ये मदतकार्यासाठी युक्रेनमध्ये गेलेले इस्राएल फ्रीडलेंडर आणि बर्नार्ड कँटर मारले गेले. तरी काम थांबले नाही. धान्यवाटपाच्या जोडीला अनाथालये, दवाखाने आणि बिनव्याजी कर्ज देणाऱ्या पेढ्या आल्या. १९२४ मध्ये ‘ॲग्रो-जॉइंट’ सुरू झाले. कृषितज्ज्ञ जोसेफ रोझेन यांच्या देखरेखीखाली युक्रेन आणि क्रिमियात, पिढ्यान्‌पिढ्या छोट्या व्यापारावर आणि कारागिरीवर जगलेली कुटुंबे ट्रॅक्टर, बियाणे घेऊन शेतीला लागली. १९३८ मध्ये सोव्हिएत सरकारने हे काम बंद पाडले; तेथील अनेक कर्मचारी स्टालिनच्या दमनसत्रात बळी पडले.

दुसऱ्या महायुद्धात संस्थेची खरी पुंजी दिसली. ही पुंजी म्हणजे तिची पत. अमेरिका युद्धात उतरल्यावर शत्रूच्या ताब्यातील मुलखात डॉलर धाडणे बेकायदा ठरले. वॉर्सातील स्थानिक कार्यकर्ते मग ज्यांच्याकडे पैसा लपवलेला होता त्यांच्याकडून उसने घेत आणि युद्ध संपल्यावर जॉइंट फेडील असा शब्द देत. त्यावर सूपघरे चालत. घेट्टोच्या भिंतींआड कोंडलेल्या हजारो ज्यूंना दिवसाकाठी एक वाडगा पातळ सूप मिळे. तेवढ्याने पोट भरत नसे, पण कित्येकांचा दिवस तेवढ्यावरच निभे. या कामातले एक कार्यकर्ते इतिहासकार इमॅन्युएल रिंगेलब्लूम. घेट्टोतील जगण्याची कागदपत्रे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी गुपचूप जमवून पत्र्याच्या पेट्यांत व दुधाच्या कॅनमध्ये पुरून ठेवली. त्यांचा एक भाग १९४६ मध्ये, दुसरा १९५० मध्ये सापडला. शांघायमध्ये लॉरा मार्गोलिस यांनी निर्वासितांसाठी बॉयलरच्या वाफेवर चालणारे स्वयंपाकघर उभे केले. पुढे जपान्यांनी त्यांनाही छावणीत डांबले.

युद्धानंतर छावण्यांतील निराधारांचा सांभाळ आणि १९४९–५० मध्ये येमेनमधील सुमारे ४९ हजार ज्यूंना विमानाने इस्राएलला नेणे ही मोठी कामे झाली. १९५३ च्या जानेवारीत मॉस्कोने सोव्हिएत नेत्यांच्या हत्येच्या कथित ‘डॉक्टरांच्या कटा’च्या प्रकरणात जॉइंटला हेरसंस्था ठरवले. आरोप खोटा होता. स्टालिनच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांतच तो मागे घेतला गेला. तरी सोव्हिएत संघाची दारे पुन्हा उघडायला १९८० च्या दशकाची अखेर उजाडावी लागली. माजी सोव्हिएत देशांत आता ‘हेसेद’ केंद्रे एकाकी वृद्धांना जेवण, औषधे आणि घरपोच शुश्रूषा पुरवतात.

भारतात संस्था १९६० च्या दशकापासून आहे. १९४८ नंतर बेने इस्राएल या मराठीभाषक ज्यू समाजातील बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. मुंबई, ठाणे आणि कोकणात मागे राहिलेल्यांतील वृद्ध व गरजूंना तिचा आधार मिळतो. मात्र हा समाज कुणाची वाट पाहत बसलेला नव्हता. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ मध्येच मुंबईत समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली होती. माझगावची सर एली कदूरी शाळा ती हीच.