सिन्नरच्या विड्या आणि करकायद्यातला जुना प्रश्न

सिन्नर म्हटलं की आता माळेगाव, मुसळगावच्या औद्योगिक वसाहती आठवतात. त्याआधीचं सिन्नर विड्यांचं होतं. माझ्या आजीची उमेदीची वर्षं तिथल्या कारखान्यात गेली. संध्याकाळी टेंभुर्णीची पानं घरी आणायची, भिजवायची, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापायची. सकाळी कारखान्यात जाऊन त्यात तंबाखू भरायची, विड्या वळायच्या, सुताने बांधायच्या. मजुरी हजारावर. वळण सैल पडलं किंवा पान फाटकं निघालं की विडी छाट व्हायची आणि तिचे पैसे बुडायचे.

मी नाशिकला करसल्लागार आहे. समोरचा माणूस पगारदार की स्वतःचा व्यवसाय करणारा, हा प्रश्न माझ्या कामात कायम येतो. आपल्या न्यायालयांनी त्याचं उत्तर ज्या खटल्यांतून शोधलं, त्यांतला एक सिन्नरच्या विडी कारखान्यातला आहे. माझ्या व्यवसायातल्या प्रत्येकाने तो वाचावा असं मला मनापासून वाटतं.

करकायद्याला हा प्रश्न का पडतो? 1961च्या आयकर कायद्याने पगाराचं उत्पन्न आणि धंदा-व्यवसायाचं उत्पन्न वेगवेगळ्या सदरांत ठेवलं. पगारदाराला ठराविक वजावटी मिळतात. व्यावसायिक मात्र कार्यालयाचं भाडं, प्रवास, यंत्रांचा घसारा असा खर्च वजा करू शकतो. पैसे देणाऱ्यालाही फरक पडतो: पगारावर माणसाच्या एकूण कराच्या हिशेबाने कपात करावी लागते, तर व्यावसायिक शुल्कावर साधारण 10 टक्के कापले की झालं. म्हणजे नातं काय आहे हे कागदावर कसं मांडायचं, यात दोघांचाही हितसंबंध असतो.

हे नातं ओळखायची कसोटी मात्र कामगारांच्या खटल्यांतून घडली. पहिला मोठा निकाल नोव्हेंबर 1956चा, कच्छच्या रणातल्या आगरियांचा. ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या मिठागरात आगरिया कुटुंबासह राबायचे, गरज पडली तर स्वतःच्या पैशाने माणसं लावायचे. कामाचे तास ठरलेले नव्हते, हजेरीपत्रक नव्हतं, मोबदला मणाला साडेपाच आणे. कंपनीने नाकारलेलं मीठ त्यांना दुसरीकडे नेता येत नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कामगारच ठरवलं. काम कसं करायचं हे सांगण्याचा मालकाचा अधिकार बघा, आणि त्या अधिकाराचं रूप धंद्याप्रमाणे बदलतं हे ध्यानात ठेवा, असा त्या निकालाचा रोख होता.

मग विडीचे खटले आले. 1958 साली मध्य प्रदेशातल्या सागरचे सट्टेदार. कारखान्याकडून तंबाखू घेऊन हे लोक आपल्या जागी विड्या वळून घ्यायचे आणि तयार माल पोचवायचे. न्यायालयाने त्यांना स्वतंत्र कंत्राटदार मानलं. डिसेंबर 1960मध्ये नागपूरच्या विडी कारखान्यातले मजूर आले. त्यांना मोबदला नगावर होता, येण्याजाण्याची थोडी मोकळीक होती, पण काम कारखान्यातच करायचं होतं आणि हजेरी लागत होती. ते कामगार ठरले.

सिन्नरचा निकाल ऑक्टोबर 1961चा. वाद होता अवघ्या चार दिवसांच्या पगारी रजेचा. मजूर कारखान्यात बसून विड्या वळत होता, पानं आणि तंबाखू मालकाची होती, विडी पसंत पडली नाही तर ती नाकारली जात होती. परंतु यायची-जायची वेळ बांधलेली नव्हती आणि कामावर देखरेख नव्हती, एवढ्यावरून न्यायमूर्ती रघुबर दयाळ यांच्या बहुमताच्या निकालाने तो कारखाना कायद्याखालचा कामगार नाही असं ठरवलं. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी भिन्नमत नोंदवलं. सागरच्या सट्टेदारांना स्वतंत्र म्हणणारे तेच होते. कारखान्याच्या आवारात मालकाच्या मालावर राबणारा सिन्नरचा मजूर मात्र त्यांना कामगारच दिसला.

माझ्या मते सुब्बा राव बरोबर होते. उशिरा येण्याची मुभा म्हणजे धंद्याचं स्वातंत्र्य नव्हे. उशिरा येणाऱ्याच्या विड्या कमी भरत, मजुरी कमी पडत असे. मालकाला त्याच्यावर लक्ष ठेवायची गरजच नव्हती, कारण नगावरचा दर आणि छाट या दोन गोष्टी देखरेखीचं काम करत होत्या. त्या मजुराला विडीचा भाव ठरवता येत नव्हता, गिऱ्हाईक निवडता येत नव्हतं, बाजार चढला तर नफाही मिळत नव्हता.

पुढे संसदेने 1966मध्ये विडी आणि सिगार कामगारांसाठी वेगळा कायदा केला. त्यात घरी बसून विड्या वळणाऱ्यांनाही कामगार मानलं, पगारी रजेची तरतूद केली, आणि विड्या नाकारण्यावरून होणारे वाद सोडवण्याची व्यवस्था केली. 1974 साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. त्याआधी 1973मध्ये हैदराबादकडच्या शिंप्यांच्या खटल्यात न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी शिवलेला कपडा नाकारून पुन्हा शिवायला लावण्याचा अधिकार हेही नियंत्रणच मानलं.

कराचे खटले याच वाटेने गेले. 1960मध्ये सेंट्रल बँकेच्या एका खजिनदाराचा प्रश्न आला. रोकड विभागातली माणसं तो पुरवायचा, त्यांची जबाबदारी घ्यायचा, बँकेकडे तारणही ठेवायचा. तरी न्यायालयाने त्याला बँकेचा नोकर आणि त्याच्या प्राप्तीला पगार म्हटलं. 1972मध्ये साखर कारखान्याच्या एका व्यवस्थापकीय संचालकाचं कमिशनही पगारात धरलं गेलं. उलट 2015मध्ये पुण्याच्या ग्रँट मेडिकल फाउंडेशनच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्या अटी एकत्र वाचून डॉक्टरांना व्यावसायिक मानलं.

हा इतिहास मला आज लागतो तो कंपन्यांनी 'सल्लागार' म्हणून घेतलेल्या तरुणांसाठी. लॅपटॉप कंपनीचा, सुट्टी वरिष्ठांना विचारून, दरमहा रक्कम ठरलेली, दुसरीकडे काम करायला बंदी. कर 10 टक्केच कापला जातो, परतावा येतो, म्हणून ते खूश असतात. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी गेली याचा हिशेब कुणी मांडलेला नसतो. शिवाय आयकर खात्याने ती रक्कम पगार ठरवली तर वजा केलेला खर्चही नामंजूर होतो.

म्हणून मी कराराच्या मथळ्यावर थांबत नाही. साधनं कुणाची? भाव कोण ठरवतं? तुमच्याऐवजी दुसऱ्याला पाठवता येतं का? काम नाकारलं गेलं तर तोटा कुणाचा, आणि चांगलं झालं तर जास्तीचा नफा कुणाचा? उत्तरं खरोखर धंद्याची असतील तर खर्चाची प्रत्येक वजावट हक्काने घ्या, मी ती मिळवून देईन. उत्तरं नोकरीची असतील तर कर पगारदाराप्रमाणे भरा आणि त्यासोबत पगारदाराचे सगळे हक्कही मालकाकडे मागा. तोटा तेवढा कामगाराचा आणि अधिकार सगळा मालकाचा, अशा व्यवस्थेला व्यवसाय म्हणून विवरणपत्रावर सही करायला मी कुणालाही सांगणार नाही.